परदेशी यंत्र, इथला आयातदार आणि जीपीएलचा परवाना

वाचकांचे प्रश्न : तंत्रज्ञान आणि कायदा

गेल्या अंकात या सदरात असे लिहिले होते की, बाजारात मिळणारे बहुतेक राउटर, कॅमेरे आणि टीव्ही बॉक्स लिनक्स या मुक्त कार्यप्रणालीवर चालतात आणि लिनक्सचा जीपीएल हा परवाना वस्तू विकणाऱ्यावर सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमचे माणसाला वाचता व बदलता येणारे मूळ लेखन, देण्याचे बंधन घालतो. त्यावर बेळगाव, निपाणी, खानापूर आणि चिकोडी येथून आलेली काही पत्रे संक्षिप्त करून येथे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या विनंतीवरून वगळली आहेत. ज्या कंपन्यांविरुद्ध तक्रार आहे त्यांचीही नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : आमचे उद्यमबागेत मशीन शॉप आहे. काही वर्षांपूर्वी मुंबईच्या आयातदारामार्फत चिनी बनावटीचे एक यंत्र घेतले. त्याच्या टच पॅनेलच्या माहितीच्या पानावर लिनक्स आणि बिझीबॉक्स ही नावे दिसतात. पॅनेल वरचेवर नेटवर्कवरून तुटते. कारखाना ईमेलला उत्तर देत नाही आणि आयातदार म्हणतो, ‘आम्ही फक्त माल आणतो, आतले सॉफ्टवेअर आमचे नाही.’ आम्हाला सोर्स कोड मागता येईल का, आणि न मिळाल्यास न्यायालयात जाता येईल का? (उद्यमबाग, बेळगाव)

मागता येईल. मात्र आपला हक्क कोठपर्यंत पोहोचतो हे आधी पाहिले पाहिजे, कारण या बाबतीतली बहुतेक निराशा तेथूनच सुरू होते. लिनक्सचे कर्नल (त्याचा गाभा) आणि बिझीबॉक्स (त्यासोबत चालणाऱ्या छोट्या साधनांचा संच) हे दोन्ही जीपीएलच्या १९९१ च्या दुसऱ्या आवृत्तीखाली दिले जातात. या परवान्याच्या तिसऱ्या कलमानुसार, जो कोणी हे प्रोग्रॅम यंत्रात भरून दुसऱ्याला देतो, त्याने त्यासोबत सोर्स कोड दिला पाहिजे. नाही तर किमान तीन वर्षे बंधनकारक राहील असे लेखी आश्वासन दिले पाहिजे की, जो मागेल त्याला हा कोड पाठवण्याच्या प्रत्यक्ष खर्चापलीकडे काही न घेता दिला जाईल. कोडची बांधणी (त्यापासून चालणारा प्रोग्रॅम तयार करणे) आणि तो बसवणे यांसाठी लागणाऱ्या स्क्रिप्टही त्यातच येतात. परंतु पॅनेलच्या पडद्यावर दिसणारा, यंत्र चालवण्यासाठी कारखान्याने स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम सहसा वेगळा असतो आणि तो बंद ठेवण्याचा त्यांना अधिकार आहे. आपला दोष नेटवर्कच्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे कर्नलमध्ये असेल, तर मिळालेला कोड उपयोगी पडेल; तो वरच्या प्रोग्रॅममध्ये असेल, तर जीपीएलचा काटेकोर अंमल होऊनही आपले पॅनेल तसेच तुटत राहील. पत्र पाठवण्यापूर्वी एखाद्या जाणत्या माणसाकडून एवढी परीक्षा करून घ्यावी.

आता आयातदाराच्या उत्तराविषयी. ‘आम्ही फक्त माल आणतो’ हे वाक्य या क्षेत्रात इतके सर्रास ऐकू येते की, परदेशांतील न्यायालयांनी ते वेगवेगळ्या रूपांत ऐकून फेटाळलेले आहे. नेटफिल्टर या लिनक्सच्या भागाचे एक लेखक हाराल्ड वेल्टे यांनी २००४ साली म्युनिकच्या न्यायालयातून राउटर विकणाऱ्या साइटकॉम कंपनीविरुद्ध मनाई हुकूम मिळवला. २००६ साली त्यांनी फ्रँकफर्टमध्ये डी-लिंकविरुद्ध दावा जिंकला. मूळ कंपनी तैवानची, पण दावा तिच्या जर्मन शाखेवर होता, आणि वस्तू विकत घेऊन तपासण्याचा खर्चही त्या शाखेला भरावा लागला. पुढे म्युनिकच्याच न्यायालयात स्काइप कंपनीला अशा फोनसाठी जबाबदार धरले गेले, जो तिने बनवलेला नव्हता, केवळ आपल्या संकेतस्थळावरून विकला होता. या सर्व प्रकरणांत दावा लावणाऱ्याने दूरच्या कारखान्याच्या मागे न लागता, आपल्या न्यायालयाच्या हद्दीत ज्याचे गोदाम आणि बँकेचे खाते आहे त्यालाच धरले.

आपल्याकडे हेच कारण अधिक बळकट आहे. चीनमधील कारखान्यावर भारतात दावा लावायचा, तर समन्स १९६५ च्या हेग करारानुसार तेथील मध्यवर्ती यंत्रणेमार्फत पाठवावे लागते आणि त्यात महिनेच्या महिने जातात. समजा निकाल लागला, तरी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ४४अ कलमाखाली परस्पर अंमलबजावणीसाठी जाहीर झालेल्या देशांत चीन नाही. सीमाभागातल्या माणसाला एका कामासाठी दोन राज्यांच्या कचेऱ्यांचे उंबरठे झिजवण्याची सवय असतेच. त्यात तिसऱ्या देशाची भर घालण्यात शहाणपण नाही. चिनी न्यायालये जीपीएल मानतच नाहीत, असा समज मात्र चुकीचा आहे. शेन्झेनच्या न्यायालयाने २०२१ साली जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीचे उल्लंघन झाल्याचे मान्य करून भरपाई दिली होती. पण तो दावा तेथेच, तेथल्या कंपनीने लावलेला होता.

न्यायालयात जाण्याच्या प्रश्नाचे उत्तर आपल्याला आवडणार नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ खाली दावा लावण्याचा अधिकार कोडच्या मालकाला किंवा त्याच्याकडून अनन्य परवाना मिळालेल्याला आहे, यंत्राच्या खरेदीदाराला नाही. अमेरिकेत सॉफ्टवेअर फ्रीडम कन्झर्व्हन्सी या संस्थेने ऑक्टोबर २०२१ मध्ये व्हिझिओ या टीव्ही कंपनीवर मुद्दाम वेगळा दावा लावला : कॉपीराइटचा मालक म्हणून नव्हे, तर टीव्ही विकत घेतलेला ग्राहक म्हणून. ज्यांच्या फायद्यासाठी परवान्यात सोर्स कोडची अट घातली आहे, त्यांना ती कराराप्रमाणे बजावून घेता आली पाहिजे, असे तिचे म्हणणे आहे. मे २०२२ मध्ये फेडरल न्यायालयाने हा वाद कराराचा असल्याचे मानून तो कॅलिफोर्नियाच्या राज्य न्यायालयाकडे परत पाठवला, आणि डिसेंबर २०२३ मध्ये सुनावणीआधीच दावा निकाली काढावा ही व्हिझिओची मागणी फेटाळली गेली. भारतात हा मार्ग अरुंद आहे. आपल्या करार कायद्यानुसार करारात पक्षकार नसलेल्या तिसऱ्या माणसाला त्या करारावर दावा लावता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. चाको प्रकरणात स्पष्ट केले आहे, आणि न्यासासारखे त्याचे अपवाद मोजके आहेत.

तेव्हा आपण असे करावे. आयातदाराला स्पीड पोस्टाने आणि ईमेलने इंग्रजीत पत्र पाठवावे, कारण तेच पत्र तो कारखान्याकडे पुढे धाडणार आहे. त्यात यंत्राचे मॉडेल, अनुक्रमांक, फर्मवेअरची (यंत्रात भरलेल्या सॉफ्टवेअरची) आवृत्ती, बिलाची तारीख, कोणत्या प्रोग्रॅमचा कोड हवा आणि परवान्याचे कोणते कलम लागू होते, एवढेच लिहावे. पुस्तिकेच्या शेवटच्या पानांवर लेखी आश्वासन छापलेले असेल, तर त्याचे छायाचित्र जोडावे. दाव्याची धमकी देऊ नये. कॉपीराइटच्या निराधार धमक्यांविरुद्ध समोरच्याला कायद्याच्या ६०व्या कलमाखाली आपल्यावरच दावा लावता येतो, आणि आपण कोडचे मालक नाही. उत्तर आले नाही, तर सर्व पत्रव्यवहार कोडच्या मालकांकडे द्यावा : बिझीबॉक्स आणि लिनक्सच्या अनेक लेखकांच्या वतीने वर उल्लेखिलेली कन्झर्व्हन्सी काम करते, तर दिल्लीची एसएफएलसी डॉट इन ही संस्था मुक्त सॉफ्टवेअरच्या कायदेशीर प्रश्नांत काम करते. अशा पत्रांतून काही घडते का, अशी शंका रास्त आहे. २००३ साली लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जी या राउटरच्या कंपनीवर सोर्स कोड खुला करण्याची वेळ आली ती वापरणाऱ्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केल्यामुळेच, आणि त्याच कोडमधून ओपनडब्ल्यूआरटी हे मुक्त फर्मवेअर उभे राहिले, जे आज असंख्य राउटरवर चालते.

प्रश्न : मी निपाणीत सीसीटीव्हीचा व्यवसाय करतो. एक चिनी कारखाना माझ्या नावाचे लेबल लावून कॅमेरे आणि डीव्हीआर पाठवतो. आयातीचा सरकारी क्रमांक (आयईसी) माझ्याच नावावर आहे. नुकतेच जर्मनीहून एका प्रोग्रॅमरचे पत्र आले की, या डीव्हीआरमध्ये त्याचा कोड आहे आणि मी जीपीएलचे उल्लंघन करत आहे. मी कशावरही सही केलेली नाही. पत्राकडे दुर्लक्ष करावे का? (निपाणी)

दुर्लक्ष करू नये. सही केली नाही हा बचाव परवान्यानेच आधी ओळखून ठेवला आहे. जीपीएलच्या पाचव्या कलमात म्हटले आहे की, सही नसल्यामुळे परवाना स्वीकारणे तुमच्यावर सक्तीचे नाही, पण त्याखेरीज दुसरे काहीही तुम्हाला तो प्रोग्रॅम वितरित करण्याची परवानगी देत नाही. म्हणजे परवाना नाकारला, तर आपण थेट कॉपीराइट कायद्यासमोर उभे राहता. त्या कायद्याच्या ५१व्या कलमात केवळ प्रती तयार करणेच नव्हे, तर उल्लंघनकारी प्रती विकणे, व्यापारासाठी मांडणे आणि भारतात आयात करणे हेही उल्लंघन मानले आहे. परदेशी लेखकाचे सॉफ्टवेअर आहे म्हणून संरक्षण नाही, असेही नाही. भारत बर्न करारात १९२८ पासून आहे.

आपल्या दृष्टीने पत्र मिळाल्याची तारीख महत्त्वाची आहे. ५५व्या कलमात अजाण माणसाला सवलत आहे : उल्लंघनाच्या तारखेला त्या कृतीवर कॉपीराइट आहे याची आपल्याला कल्पना नव्हती आणि तसे मानण्यास कारणही नव्हते, असे सिद्ध केल्यास फिर्यादीला मनाई हुकूम आणि नफ्यातील वाटा यांपलीकडे फारसे मिळत नाही. ६३व्या कलमाखालील गुन्हाही जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाचाच आहे, आणि त्याची शिक्षा सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद व पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड अशी आहे. पत्र हाती पडल्यावर पुढच्या खेपेसाठी ‘मला माहीत नव्हते’ असे म्हणण्याची सोय उरत नाही. म्हणून नवी खेप तेवढ्यापुरती थांबवावी आणि पत्राची पोच देऊन चौकशी करत असल्याचे कळवावे.

त्याच वेळी पत्र पाठवणाऱ्याचीही पारख करावी. तो प्रथम काय मागतो, सोर्स कोड की पैसे? जर्मनीत लिनक्सच्या एका लेखकाने कंपन्यांकडून दंडाच्या अटीची हमीपत्रे लिहून घेऊन रकमा वसूल करण्याचा सपाटा लावला होता. २०१६ साली नेटफिल्टरच्या मंडळींनी त्याला आपल्या गटातून निलंबित केले. जीपीएलची अंमलबजावणी करणाऱ्या प्रमुख संस्थांनी २०१५ साली आपली तत्त्वे जाहीर केली, आणि त्यांत परवाना पाळला जाणे हे उद्दिष्ट सांगितले असून पैसा दुय्यम व दावा हा अखेरचा उपाय मानला आहे. दंडाचे कलम असलेल्या कोणत्याही हमीपत्रावर वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नये. परवाना एकदा मोडला की दुसऱ्या आवृत्तीनुसार तो आपोआप संपतो, ही भीती खरी आहे. पण ऑक्टोबर २०१७ मध्ये कर्नलच्या अनेक लेखकांनी निवेदन काढून, पहिल्यांदाच नोटीस मिळालेल्याने तीस दिवसांत चूक दुरुस्त केल्यास त्याचा परवाना पूर्ववत होईल, असे स्वतःपुरते बांधून घेतले आहे. पत्र पाठवणारा त्या यादीत आहे का ते पाहावे.

मुख्य काम कारखान्याकडून कोड मिळवण्याचे आहे आणि ते कायद्यापेक्षा व्यापाराने लवकर साधते. बहुतेक वेळा कारखान्याकडेही पूर्ण कोड नसतो; चिप बनवणाऱ्या कंपनीने दिलेला संच तो जसाच्या तसा वापरतो, आणि त्यातले काही भाग तयार रूपातच असतात. म्हणून पुढच्या ऑर्डरच्या कागदावरच अट घालावी की, प्रत्येक फर्मवेअर आवृत्तीसोबत जीपीएलच्या सर्व भागांचा कोड व बांधणीच्या स्क्रिप्ट मिळाल्याशिवाय अखेरचा हप्ता दिला जाणार नाही. कोड आला की तो बेळगावातल्या एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील जाणत्या विद्यार्थ्याकडून दुसऱ्या संगणकावर बांधून पाहावा. फाइलींचा ढीग हाती येणे आणि त्यातून चालणारे फर्मवेअर तयार होणे यांत मोठे अंतर असते. एप्रिल २०२५ पासून कॅमेऱ्यांना सुरक्षेच्या चाचण्या सक्तीच्या झाल्याने तसाही आपला कारखान्याशी कागदपत्रांचा व्यवहार वाढलेला असणार. त्यातच हेही मागून घ्यावे.

एक चूक मात्र बहुतेक आयातदार करतात. कारखान्याने खोक्यात टाकलेली आश्वासनाची चिठ्ठी तशीच पुढे देऊन आपण मोकळे झालो, असे ते समजतात. परवान्याच्या तिसऱ्या कलमात ही मुभा केवळ बिगर-व्यापारी वितरणासाठी आहे. आपण नफ्यासाठी विकता, त्यामुळे आश्वासन आपल्या नावाचे, आपल्या निपाणीच्या पत्त्याचे असले पाहिजे, आणि ते पाळता यावे म्हणून प्रत्येक आवृत्तीचा कोड आपल्याजवळ जपून ठेवला पाहिजे. नोटीस किंवा दावा गांभीर्याने न घेणाऱ्याचे काय होते, ते वेस्टिंगहाउस डिजिटलच्या प्रकरणात दिसले. बिझीबॉक्सच्या वतीने २००९ साली न्यूयॉर्कमध्ये १४ कंपन्यांवर लावलेल्या दाव्यात या टीव्ही कंपनीने अर्ध्यावरच बचाव सोडून दिला. २०१० मध्ये न्यायालयाने तिला ९०,००० डॉलर भरपाई, शिवाय वकिलांचा खर्च, आणि शिल्लक टीव्ही संच फिर्यादीच्या स्वाधीन करण्याचा हुकूम दिला.

प्रश्न : मी बेळगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकत असताना एका जीपीएल प्रकल्पात बराच कोड लिहिला. खडेबाजारात घेतलेल्या एका चिनी टीव्ही बॉक्समध्ये तो प्रकल्प वापरलेला आढळला. सोर्स कोड कोठेही नाही. मला बेळगावातून कारवाई करता येईल का? सीमाशुल्क खाते माल अडवू शकते का? (टिळकवाडी, बेळगाव)

आपली बाजू उद्यमबागेच्या वाचकापेक्षा भक्कम आहे, कारण आपण मालक आहात. अर्थात तो कोड नोकरीत असताना लिहिलेला नसेल तर. कॉपीराइट कायद्याच्या १७व्या कलमानुसार नोकरीच्या कामात लिहिलेल्या कृतीचा पहिला मालक, वेगळा करार नसल्यास, नोकरी देणारा असतो. तेव्हा कोणत्या ओळी शिकत असताना आणि कोणत्या नोकरी लागल्यावर लिहिल्या, हे तारखांसह वेगळे करावे. कॉपीराइटची नोंदणी आवश्यक नाही. पण नोंदणी झालेली असल्यास ती ४८व्या कलमाखाली प्रथमदर्शनी पुरावा ठरते, आणि समोर आयातदाराचा वकील असताना तिचा उपयोग होतो.

खरी कसोटी पुराव्याची आहे. लिनक्सचे एक लेखक क्रिस्टोफ हेलविग यांनी व्हीएमवेअर या सॉफ्टवेअर कंपनीविरुद्ध हॅम्बर्गमध्ये लावलेला दावा २०१६ साली फेटाळला गेला आणि २०१९ मध्ये अपीलही गेले. उल्लंघन झाले की नाही, या मूळ प्रश्नापर्यंत प्रकरण पोहोचलेच नाही. नेमका आपला कोणता कोड समोरच्याच्या उत्पादनात आहे, हे ते न्यायालयाला पटेल अशा रीतीने दाखवू शकले नाहीत. म्हणून ‘प्रकल्प वापरला आहे’ एवढ्यावर थांबू नये. बॉक्समधील फर्मवेअर काढून त्यातील आपली फंक्शन्स, आपले संदेश, एखादी आपलीच जुनी चूक दाखवणारा तक्ता तयार करावा. असा अभ्यास करण्याबाबत संकोच नको, कारण प्रोग्रॅमच्या कार्याचे निरीक्षण व परीक्षण यांना ५२व्या कलमात वाव आहे. फाइलींचा हॅश (फाइलीवरून काढलेला ओळख-अंक) लगेच काढून ठेवावा, कारण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३व्या कलमाखालील प्रमाणपत्रात तो द्यावा लागतो. बॉक्स बिलासह घेतला नसेल, तर दुसरा घ्यावा, आणि या वेळी पक्के बिल मागावे.

त्या बिलातून आयातदार सापडतो. जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन अंक राज्य सांगतात, २९ म्हणजे कर्नाटक, २७ महाराष्ट्र, ३० गोवा. आणि संपूर्ण क्रमांक जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकला की व्यवसायाचे कायदेशीर नाव दिसते. आपल्या भागात येणारा माल कधी बंगळूरच्या एस. पी. रोडवरून, तर कधी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून येतो. खडेबाजारचा दुकानदार हा साखळीतला शेवटचा दुवा आहे. त्याला नोटीस पाठवून काही साधत नाही, त्याच्याकडून घाऊक व्यापाऱ्याचे नाव मात्र सौजन्याने विचारता येते. २०११ च्या वेष्टित वस्तूंच्या वजनमापे नियमांनुसार किरकोळ विक्रीच्या आयात मालावर आयातदाराचे नाव, पत्ता आणि मूळ देश छापणे सक्तीचे आहे. खोक्यावर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) नोंदणी क्रमांक असेल, तर त्यावरून कारखानाही कळतो, आणि त्या योजनेत परदेशी उत्पादकाला भारतात अधिकृत प्रतिनिधी नेमावा लागतो. हा प्रतिनिधी आपल्या पत्राचा दुसरा पत्ता. खोक्यावर यांपैकी काहीच नसेल, तर माल आडमार्गाने आलेला असण्याचा संभव आहे आणि मग जीपीएल ही त्याच्या मालकाची सर्वात लहान चिंता असेल.

दावा बेळगावात लावता येईल. कॉपीराइट कायद्याच्या ६२व्या कलमाखाली मालकाला स्वतः राहतो त्या ठिकाणच्या जिल्हा न्यायालयात दावा दाखल करता येतो, प्रतिवादी मुंबईचा असला तरी. असा दावा व्यापारी न्यायालये कायद्यात मोडल्यास तातडीचा मनाई हुकूम मागितला नसेल तर आधी मध्यस्थीची पायरी चढावी लागते, आणि माझ्या मते ती टाळू नये, कारण आपल्याला हवा आहे तो कोड आणि तो मध्यस्थाच्या टेबलावर मिळण्याची शक्यता साक्षीच्या पिंजऱ्यापेक्षा अधिक असते. अपील कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठाकडे जाते. कोल्हापूरला २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे बेंच बसत असले, तरी त्याचा या भागाशी संबंध नाही.

सीमाशुल्काचा उपाय कायद्यात आहे, पण तो महागाचा आहे. कॉपीराइट कायद्याच्या ५३व्या कलमानुसार मालकाने सीमाशुल्क आयुक्तांना लेखी नोटीस दिली, तर जास्तीत जास्त एक वर्षापर्यंत तशा प्रती प्रतिबंधित माल मानण्याची विनंती करता येते. आयुक्त गोदामभाडे, विलंबशुल्क आणि चुकीच्या अडवणुकीची भरपाई यांसाठी अनामत मागू शकतात. माल अडवल्यावर ४८ तासांत आपल्याला कळवले जाते, आणि चौदा दिवसांत न्यायालयाचा हुकूम सादर केला नाही तर तो सुटतो. शिवाय न्हावा शेवाच्या बंदरातील अधिकाऱ्याला खोका उघडून बनावट शिक्का ओळखता येतो. कोड दिला आहे की नाही, हे मात्र त्याला डोळ्यांनी दिसणारे नाही. आयातदार माहीत असेल, मॉडेल क्रमांक निश्चित असेल आणि वकील तयार बसला असेल, तरच या मार्गाने जावे.

प्रश्न : आम्ही खानापूर तालुक्यात इंटरनेट पुरवतो. ग्राहकांना राउटर अनामत घेऊन वापरायला देतो, विकत नाही. जीपीएल आम्हाला लागू होतो का? (खानापूर)

फ्रान्समधील फ्री या इंटरनेट कंपनीने नेमका हाच मुद्दा मांडला होता : ग्राहकाच्या घरातील बॉक्स आमच्याच मालकीचा आहे, म्हणून वितरण झालेच नाही. बिझीबॉक्स आणि नेटफिल्टरच्या लेखकांनी २००८ साली तिच्यावर दावा लावला. २०११ मध्ये तडजोड झाली आणि कंपनीने कोड खुला केला, त्यामुळे न्यायालयाचे मत कळलेच नाही. भारतात आपल्या बाजूने थोडे अधिक बोलता येते. कॉपीराइट कायद्याच्या १४व्या कलमात संगणक प्रोग्रॅमची प्रत भाड्याने देणे हा मालकाचा हक्क असला, तरी ज्या भाडेव्यवहाराचा मुख्य विषय प्रोग्रॅम नाही त्याला ते लागू नाही, आणि राउटर भाड्याने घेणारा त्यातल्या लिनक्ससाठी तो घेत नाही. मात्र आपण राउटरमध्ये आपल्या नावाचे, बदललेले फर्मवेअर भरत असाल, तर प्रती आपण स्वतः तयार करता आणि हा आधार तुटतो. राउटर आपण थेट चीनमधून मागवत असाल, तर निपाणीच्या वाचकाला दिलेले उत्तर आपल्यालाही लागू आहे.

प्रश्न : ज्या बॉक्सबद्दल परवान्याचा वाद आहे तो घरी वापरणारा ग्राहक दोषी ठरतो का? आणि सोर्स कोड न मिळाल्याची तक्रार ग्राहक आयोगाकडे करता येते का? (चिकोडी)

दोषी ठरत नाही. जीपीएल प्रोग्रॅम चालवण्यावर कोणतेही बंधन घालत नाही. विक्रेत्याचा परवाना संपला, तरी त्याच्याकडून प्रत मिळालेल्यांचे परवाने संपत नाहीत, असे चौथ्या कलमात स्पष्ट आहे, आणि सहाव्या कलमानुसार आपल्याला परवाना थेट मूळ लेखकाकडून मिळतो. घरगुती वापरासाठी स्वतः एखादीच प्रत परदेशातून मागवली असेल, तर आयातीच्या तरतुदीतूनही ती वगळलेली आहे.

ग्राहक आयोगाबाबत माझे मत सावध आहे. पुस्तिकेत सोर्स कोड देण्याचे आश्वासन छापले असेल आणि लेखी मागणी करूनही तो मिळाला नसेल, तर दिलेले वचन न पाळणे ही अनुचित व्यापारप्रथा आहे, असा युक्तिवाद करता येतो. आश्वासनच नसेल, तर ग्राहक म्हणून आपल्याजवळ धरायला काही उरत नाही. २०१९ च्या कायद्यानुसार तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे, म्हणजे चिकोडीकरांना बेळगावला, करता येते. वस्तू ऑनलाइन घेतली असेल, तर त्याआधी २०२० च्या ई-कॉमर्स नियमांचा उपयोग करावा : तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण देणे बंधनकारक आहे, शिवाय आयात वस्तूच्या आयातदाराचे नाव व तपशील दाखवणेही. हे नाव एकदा कागदावर मिळाले की ते टिळकवाडीच्या वाचकासारख्या कोडच्या मालकाला कळवावे.